कुरकुर सोडू, क्रुसाकडे पाहू

शास्त्रवाचन : गणना २१:४-९ आणि योहान ३:१३-१७



शिराळ्याचे नाव महाराष्ट्रात कुठेही सांगितले, तर समोरचा माणूस लगेच विचारतो, "नागपंचमीचे शिराळा ना?" पूर्वी श्रावणात येथे जिवंत नागांची मिरवणूक निघत असे. वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या प्रथेवर बंधने आली, तरी गावाची ओळख तीच राहिली आहे. तो आपल्या शेजाऱ्यांचा सण आहे. आपण त्या पूजेत नसलो, तरी राहतो याच मातीत. भाताच्या खाचरात किंवा उसाच्या फडात पाय टाकताना खाली बघून चालावे, हे येथे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही.

पवित्र ख्रिस्तसभा दरवर्षी १४ सप्टेंबर रोजी पवित्र क्रुसाचा सण साजरा करते. त्या दिवशीचे पहिले वाचन सापांविषयी आहे आणि साप का आले याचे कारणही त्यात दिलेले आहे. ते कारण म्हणजे लोकांची कुरकुर. शिराळ्याच्या भाविकांनी हे वाचन इतरांपेक्षा अधिक जवळून ऐकावे असे आम्हाला वाटते. म्हणून आज आपण त्याचाच थोडा अभ्यास करू.

१. रानात काय घडले?

इस्राएल लोक मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटून कनान देशाकडे निघाले होते. रानातील चाळीस वर्षे संपत आली होती. प्रवासाचा शेवट जवळ होता. अशा वेळी अदोमच्या राजाने त्यांना आपल्या देशातून जाऊ दिले नाही. सरळ वाट बंद झाली आणि लांबचा वळसा घ्यावा लागला. नुकताच अहरोनही होर डोंगरावर मरण पावला होता. लोक थकलेले होते आणि दुःखीही होते. मूळ हिब्रू भाषेत या ठिकाणी लोकांचा जीव 'आखूड' झाला, अशा अर्थाचे शब्द आहेत. आपण म्हणतो ना, जीव मेटाकुटीला आला, तसे.

मग त्यांनी देवाविरुद्ध आणि मोशेविरुद्ध बोलायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे नीट ऐकले तर एक गंमत दिसते. एका दमात ते म्हणतात की येथे भाकर नाही, आणि त्याच दमात म्हणतात की या हलक्या भाकरीचा आम्हाला वीट आला आहे. भाकर नसेल, तर वीट कशाचा आला? देव रोज मान्ना देत होता. तो पोटात जात होता, पण डोळ्यांना दिसत नव्हता. कुरकुरीचे पहिले लक्षण हेच आहे. तिला हिशेब जुळवायचा नसतो. भरलेल्या कणगीकडे पाठ करून ती रिकाम्या डब्यावर बोट ठेवते.

त्यानंतर छावणीत विषारी साप आले आणि पुष्कळ लोक मेले. लोक मोशेकडे धावत आले. आम्ही पाप केले असे त्यांनी मान्य केले आणि साप घालवून देण्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. मोशेने प्रार्थना केली. आता देवाने काय केले ते लक्षपूर्वक पाहा. देवाने पितळेचा साप करून खांबावर टांगायला सांगितले. ज्याला साप चावेल त्याने तिकडे पाहावे, म्हणजे तो वाचेल. लोकांनी मागितले होते, साप जावेत. देवाने दिले ते वेगळे होते, साप चावला तरी माणूस वाचेल. खरे साप लगेच निघून गेले असे शास्त्रलेखात कुठेही म्हटलेले नाही.

आपल्या जीवनातही पुष्कळदा असेच होते. आपण मागतो की ही अडचण जावी. अडचण राहते, पण तिच्या विषाने आपण मरू नये याची सोय देव करतो.

२. कुरकुर, तक्रार आणि विलाप

तत्त्वज्ञान शिकताना आमचे गुरुजन एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक आधी ओळखा, मग उपदेश करा. कुरकुरीविषयी बोलतानाही हे पथ्य पाळले पाहिजे. नाहीतर आपण रोग सोडून रोग्यालाच मारून बसू.

गणनाच्या अकराव्या अध्यायात दोन आवाज ऐकू येतात. लोक आपापल्या तंबूच्या दाराशी रडत आहेत. मिसरातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण त्यांना आठवतात. गुलामगिरी मात्र आठवत नाही. दुसरा आवाज मोशेचा आहे. तोही कंटाळला आहे. त्याचे शब्द तर लोकांपेक्षा कडक आहेत. हे ओझे मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मरण दे, असे तो म्हणतो. पण तो हे थेट देवाला सांगतो. देव त्याच्यावर रागावत नाही. ओझे वाटून घ्यायला सत्तर वडील नेमून देतो.

फरक कशात आहे? गाऱ्हाणे कोणाकडे नेले, यात आहे. यावरून तीन गोष्टी वेगळ्या करता येतात.

कुरकुर : ही पाठीमागे चालते. ज्याच्याविषयी आहे त्याला सोडून ती सगळ्यांना सांगितली जाते. तिला उत्तर नको असते, फक्त श्रोता हवा असतो. संत पौलाने फिलिप्पै येथील ख्रिस्ती लोकांना (२:१४) आणि संत याकोबाने आपल्या पत्रात (५:९) हिच्याविषयीच इशारा दिला आहे.

तक्रार : ही ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्याकडे नेली जाते. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते आणि त्याविषयी कुरबूर सुरू झाली होती. प्रेषितांनी त्या लोकांना गप्प बसवले नाही. ते प्रकरण त्यांनी सर्व मंडळीपुढे घेतले आणि सेवेसाठी सात जण निवडले (प्रेषितांची कृत्ये ६:१-६). त्यांतील एक म्हणजे आपला पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन.

विलाप : हा देवापुढे मांडला जातो. ईयोबाने देवाला जाब विचारला. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्यालाच दोष देत राहिले. शेवटी देवाने काय म्हटले? ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, त्याचे मित्र बोलले नाहीत (ईयोब ४२:७). स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे अशा विलापाची आहेत. आपल्या प्रभूनेही क्रुसावर बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभाचे शब्द उच्चारले.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा आणि वारणा काठाने महापूर पाहिला. ज्यांच्या घरात गाळ शिरला, ज्यांची उभी पिके कुजली, त्यांनी "देवा, हे काय केलेस?" असे म्हटले असेल, तर त्यांच्या श्रद्धेत काही कमी आहे असे कोणी समजू नये. ज्याला आपण देवापाशी रडू शकतो, त्याच्यावर आपला विश्वास आहे. जो रडायलाही देवाकडे जात नाही, त्याची काळजी अधिक वाटते.

तसेच चांदोलीच्या धरणासाठी आणि नंतर अभयारण्यासाठी ज्यांची गावे उठली, ते पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत आले, मोर्चे काढीत आले, धरणे धरीत आले. त्याला कोणी कुरकुर म्हणू नये. हक्काची गोष्ट योग्य दारात जाऊन पुन्हा पुन्हा मागणे यालाही मोठा धीर लागतो. प्रभू येशूने अन्यायी न्यायाधीशाच्या दाखल्यात (लूक १८:१-८) अशाच एका विधवेला आपल्यासमोर आदर्श म्हणून उभे केले आहे.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. एका पावसाळ्यात वेदीच्या डाव्या बाजूला छत गळू लागले. आम्ही हे सिस्टरांना सांगितले, मंडळाच्या सभासदांना सांगितले, मिस्सानंतर भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगितले. जुन्या बांधकामाला नावे ठेवली, लोकांच्या उदासीनतेलाही ठेवली. असे दीड महिना चालले. एके दिवशी एक आजी सगळे शांतपणे ऐकून म्हणाल्या, "फादर, समद्यांस्नी सांगून झालं तुमचं. गवंड्याला सांगितलंसा का?" आम्ही गवंड्याला सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी तो आला आणि अर्ध्या दिवसात चार कौले बदलून गेला. दीड महिना छत जेवढे गळले, त्यापेक्षा अधिक आमचे तोंड गळत होते.

३. विष आणि त्यावरील उतारा

साप चावल्यावर काय करावे हे आता शाळेतही शिकवतात. जखम कापू नये, विष चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, रुग्णाला धीर द्यावा आणि लगेच दवाखान्यात न्यावे. घाबरून धावपळ केली तर विष अंगात लवकर पसरते.

दवाखान्यात जी लस देतात, ती कशी तयार होते हेही जाणून घेण्यासारखे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष काढून ते अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात. हळूहळू प्रमाण वाढवतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाशी लढणारे घटक तयार होतात आणि त्यांपासून माणसाला वाचवणारे औषध बनते. मुंबईच्या हाफकीन संस्थेने अनेक वर्षे हे काम केले. म्हणजे दुसऱ्या एका जिवाने विष आपल्या अंगावर घेतले, म्हणून आपण वाचतो.

पितळेच्या सापाचा अर्थ समजायला ही गोष्ट मदत करते. प्रभू येशू निकदेमाला सांगतो की जसा मोशेने अरण्यात साप उंच केला, तसेच मनुष्याच्या पुत्राला उंच केले जाणे आवश्यक आहे. क्रुसावर जगाचे सगळे विष आपल्या प्रभूने स्वतःवर घेतले. त्याची निंदा झाली, मित्राने त्याचा विश्वासघात केला, त्याला खोटा न्याय मिळाला. हे सर्व त्याच्यापाशी येऊन थांबले, पुढे पसरले नाही. त्याच्या तोंडून निघाली ती पित्याला केलेली प्रार्थना, मारणाऱ्यांसाठी क्षमा, आणि आईची व शिष्याची काळजी.

तारण त्या पितळेच्या तुकड्यात नव्हते. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). वाचवणारा देव होता. वर पाहणे हे त्याच्यावरील श्रद्धेचे चिन्ह होते. आपल्या घरातील क्रूसही भिंतीची शोभा म्हणून टांगलेला नाही. दंश झाला की तिकडे पाहायचे असते.

४. सहनशीलता म्हणजे काय?

तेराव्या शतकातील महान ख्रिस्ती तत्त्वज्ञ संत थॉमस अक्विनास सहनशीलतेविषयी फार उपयोगी गोष्ट शिकवतो. दुःखामुळे माणसाने चांगले काम सोडून देऊ नये, म्हणून त्याच्या मनाचे रक्षण करणारा सद्गुण म्हणजे सहनशीलता. अन्याय करणाऱ्याला गरज पडल्यास विरोध करणे हे सहनशीलतेच्या विरुद्ध नाही, असेही तो स्पष्ट करतो. म्हणजे सहनशील माणूस मुका नसतो. तो वाटेवरून हटत नाही, एवढेच.

शिराळ्याच्या भाषेत सांगायचे तर साप चावलेल्याने शांत राहायचे असते, पण घरी बसायचे नसते.

हे लिहिताना आम्हाला आमचा एक जुना दोष कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एक भगिनी कार्यालयात आली. नवरा दारू पिऊन मारतो असे तिने सांगितले. आम्ही तिला सांगितले की सहन कर, जपमाळेची प्रार्थना कर, आपला क्रूस उचल. ती मान हलवून गेली. काही महिन्यांनी ती पुन्हा दिसली तेव्हा तिच्या हाताला प्लास्टर होते. तिने आमच्याकडे तक्रार आणली होती आणि आम्ही तिला कुरकुर समजलो होतो. नंतर सिस्टरांनी तिला माहेरी पोचवले आणि पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर गेल्या. ती वाचली, पण आमच्या सल्ल्यामुळे नव्हे. तिची आम्ही क्षमा मागितली. तरीही ती आठवण आमच्यासाठी सुखाची नाही.

म्हणून येथे स्वच्छ लिहितो. मारहाण सहन करणे हा ख्रिस्ती स्त्रीचा धर्म नाही. क्रूस उचलणे म्हणजे दुसऱ्याच्या पापाला आपल्या घरात मोकळे रान देणे नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आहे. १८१ हा महिलांसाठी आणि ११२ हा तातडीच्या मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक आहे. आपल्या धर्मग्रामात असे कोणावर बेतले असेल, तर आमच्याकडे यावे. या वेळी आम्ही नीट ऐकू.

संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात आपल्या मठवासियांसाठी नियम लिहिले. त्यांत कुरकुरीविरुद्ध त्याने वारंवार ताकीद दिली आहे. पण त्याच नियमांत मठाधिपतीलाही बजावले आहे की, कामाची व्यवस्था अशी कर की बंधूंना कुरकुरीला योग्य कारण मिळू नये. हा नियम घरातील वडिलांनी, सासूबाईंनी, मंडळाच्या प्रमुखांनी आणि सर्वांआधी धर्मगुरूने वाचावा. कुरकुर करू नका असे सांगण्याआधी कुरकुरीला कारण देणे थांबवावे.

५. महाराष्ट्राच्या मातीतील एक साक्ष

पंडिता रमाबाई पंथाने कॅथलिक नव्हत्या, पण मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांचे जीवन परके नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले, आणि त्या लहान मुलीला घेऊन विधवा म्हणून पुण्याला आल्या. तक्रार करायला त्यांच्याइतकी कारणे कोणाकडे असतील?

त्यांनी त्या कारणांचे काय केले? त्याच १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्या उभ्या राहिल्या आणि स्त्रियांना शिक्षिका व डॉक्टर होता यावे म्हणून साक्ष दिली. जे दुःख अनेक घरांत चुलीपाशी पुटपुटले जात होते, ते त्यांनी उपाय करू शकणाऱ्यांच्या कानावर घातले. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन सुरू केले. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुली व विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाही वारली. तरीही त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या.

त्यांना दंश झालेच. पण त्यांनी ते विष इतरांना वाटले नाही. त्यांच्या दुःखातून दुसऱ्यांसाठी औषध तयार झाले.

अलीकडचे एक उदाहरणही पुष्कळांना आठवत असेल. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये आपल्या खोलीच्या दारावर तक्रार करण्यास मनाई असल्याची पाटी लावली होती. एका मानसशास्त्रज्ञाने ती त्यांना भेट दिली होती. पण हेच पोप गरिबांवरील आणि निसर्गावरील अन्यायाविषयी कधी गप्प बसले नाहीत. २०१५ मध्ये त्यांनी सृष्टीच्या रक्षणासाठी सर्व जगाला पत्र लिहिले. दारावरची पाटी आणि ते पत्र यांत विरोध नाही. पाटी कुरकुरीसाठी होती आणि पत्र गाऱ्हाण्यासाठी होते.

६. या आठवड्याचा अभ्यास

रोज रात्री कौटुंबिक प्रार्थनेनंतर, दिवसभरात मनात आलेली एक नाराजी घ्यावी आणि क्रुसाकडे पाहून स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१) हे मी देवाला सांगितले का? आपल्या साध्या शब्दांत सांगावे. राग आला असेल तर रागासहित सांगावे.

२) ज्याच्या हातात उपाय आहे त्याला सांगितले का? नवऱ्याविषयीचे गाऱ्हाणे शेजारणीला, सुनेविषयीचे नणंदेला, धर्मगुरूविषयीचे चर्चच्या फाटकाबाहेर सांगून काही दुरुस्त होत नाही. आमच्याविषयी काही असेल, तर आमचे दार उघडे आहे.

३) यात माझा स्वतःचा दोष किती? पापनिवेदनाला येऊन पुष्कळजण शेजाऱ्याची पापे सविस्तर सांगतात. आपली सांगायला मग वेळ उरत नाही.

४) आज कोणता मान्ना मिळाला? एक तरी गोष्ट नाव घेऊन सांगावी आणि देवाचे आभार मानावेत. वेळेवर आलेली एसटी, दुखणे कमी झालेला गुडघा, मुलाने न सांगता भरलेली घागर, काहीही चालेल.

एवढे करूनही काही अडचणी राहतीलच. अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस लगेच उठून बसणार नाही, उसाचे बिल अडकले तर ते प्रार्थनेच्या दुसऱ्याच दिवशी हातात पडणार नाही. लांबचा वळसा काही वेळा घ्यावाच लागतो. इस्राएल लोकांनाही तो घ्यावा लागला. पण त्याच वळणावरून चालत ते शेवटी यार्देन नदीच्या काठी पोचले.

प्रार्थना

हे प्रभू येशू, आमची जीभ लवकर चावते आणि आमचे मन लवकर थकते. आमची गाऱ्हाणी तुझ्या क्रुसापाशी आणायला आम्हाला शिकव. जे बदलता येईल ते बदलण्यासाठी योग्य दार ठोठावण्याचे धैर्य दे, आणि जे लगेच बदलणार नाही त्यातही चांगले काम न सोडण्याचा धीर दे. आमच्यापैकी जे खरोखर अन्यायाखाली भरडले जात आहेत त्यांचे म्हणणे ऐकायला आम्हाला कान दे. पवित्र मरिये, क्रुसापाशी उभी राहिलेल्या आमच्या माते, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.